गयाबाईच्या वाटचा नान

तूर काढून झाली की गावात नव्या तुराट्या येतात. त्या पुरत्या वाळलेल्या नसतात. चुलीत घातल्या की आधी फसफसतात, मग कच्चा तुरट धूर सोडतात आणि मग एकदम पेटतात. शाळेतला गॅस संपला की आम्ही त्याच लावतो. थंडीत हा धूर वर जात नाही, पत्र्याच्या खोलीत कमरेइतका उभा राहतो. त्या धुरात वाकून मी आधणात तांदूळ वैरते तेव्हा दरवर्षी वाटतं, पलीकडून कुणीतरी पातेल्याचा काठ धरला आहे. फडक्यातला हात दिसतो. हिरव्या बांगड्या दिसतात. धूर हलतो आणि तिथं मनीषा असते.

मनीषा गयाबाईची लेक. गयाबाई आणि मी अकरा वर्षं एका पातेल्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. पैठणच्या रस्त्यावरून आत गेलेलं आमचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, आणि पोरांचं दुपारचं जेवण शिजवणाऱ्या आम्ही दोघी. ती वयानं मोठी आणि बोलायची सगळं तीच. सरांनी मला काही विचारलं तर मी तिच्याकडे बघायचे आणि उत्तर ती द्यायची. चहा घेणार का, हे विचारलं तरी "तिला अर्धा द्या" असं तीच सांगायची. ती जाऊन हा चौथा हिवाळा. तिच्या जागी मनीषा लागली. तिचं सासर गावातच आहे, शाळेच्या मागच्या आळीत.

हिवाळ्यात आमच्या संघटनेचं अधिवेशन भरतं. जिल्ह्याजिल्ह्यांतून शाळांमधे स्वयंपाक करणाऱ्या बाया येतात. यंदा ते पुन्हा संभाजीनगरला, क्रांती चौकाजवळच्या त्याच मंगल कार्यालयात भरणार असा निरोप आला. मनीषानं तो फोनवर वाचला आणि लगेच म्हणाली, "मावशी, औंदा मी बी येते. आई जिथं जिथं जेवली ना, तिथंच जेवायचं आपण. तुम्हाला समद्या जागा ठाऊक हायेत."

मी दाळ घोटत राहिले. जागा ठाऊक होत्या. पण तिची आई तिथं जेवली नव्हती. हे जगात एकट्या मलाच माहीत होतं, आणि मनीषा किती आनंदात आहे ते मला समोर दिसत होतं. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांवर हे लिहिते आहे. तोंडानं मला कधी नीट सांगता आलं नाही.

*

गयाबाई आणि मी गेलो होतो त्या वर्षी, अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी दुपारी जेवणाची रांग लागली तेव्हा आमच्या पायांना जमिनीचा गारठा चढला होता. सकाळपासून सतरंजीवर बसून भाषणं ऐकली होती. आचाऱ्यानं झाकण काढलं आणि पुढच्या बायांमधून हसू फुटलं, ते रांगेनं मागं मागं येत आमच्यापर्यंत पोचलं. पातेल्यात खिचडी होती. आम्ही रोज करतो तीच, पिवळी, वाटाण्याची.

"अगं बया, इथं बी आपली सवत!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आन् खाली लागलीय," गयाबाई म्हणाली. "आपल्या पोरांनी ताटासगट फेकून मारली असती."

तिनं दोन घास घेतले. मग ताटली खांबाजवळ ठेवली, वरचेवर तीन वेळा पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "चल. शहरात काय नुसती भाषणं ऐकाय आलो का? चांगलं कायतरी शोधू."

"लोक काय म्हणतील?"

"कंचे लोक? इथं तुला वळखतंय कोण?"

या बोलण्यानं मला किती हलकं वाटलं! मी तोवर हॉटेलात बसून कधी जेवले नव्हते. स्टँडवर उभ्यानं चहा, तोही नवऱ्याच्या मागं उभं राहून. आता माझ्याच पायांनी मी क्रांती चौकातून पैठण गेटाकडे चालले होते, उन्हातून. गाड्यांचा गोंगाट होता, पाट्या होत्या, आणि दर दहा पावलांवर वेगळा वास. तळलेल्या मिरचीचा, भाजलेल्या शेंगांचा, कुठून तरी दुधाचा. मला भूक लागली होती आणि त्या भुकेची लाज वाटत नव्हती.

गयाबाईला मात्र एकही जागा पसंत पडेना. ती हॉटेलच्या दारात उभी राहायची, कढईकडे बघायची, नाक वर करायची आणि पुढं चालायला लागायची. "तेल जुनं हाय." पुढच्या ठिकाणी, "दाळ कालची हाय, वरून फोडणी दिलीय." त्याच्या पुढं, "ह्याचं फडकं बघ, ह्यानं टेबल बी पुसतो आन् तोंड बी." एका गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं, "बाई, तुम्ही तपासणीला आल्या का?" तर ती म्हणाली, "व्हय. नापास." मी पदरात तोंड घालून हसत होते. मला वाटलं, आज हिच्या अंगात साहेब संचारला आहे.

आता तो रस्ता डोळ्यांपुढं आणते तेव्हा मला ती दारं दिसतात. तेल काही जुनं नव्हतं. ती घासाला घाबरत होती. प्रत्येक दारात ती आतल्या पदार्थाकडे बघून ठरवत असणार, हे खाली उतरेल का? आणि पुढं जात असणार.

गुलमंडीत एका अरुंद दुकानापुढं मीच थांबले. कढईत इमरत्या फुलत होत्या. दुकानदारानं फडक्यातून पीठ सोडलं की एक वेटोळं, मग त्याला कडेनं कळ्या, आणि हात कुठंही थांबत नव्हता. आम्ही दोघी स्वयंपाकाच्या बाया, त्या हाताकडे बघत राहिलो. गयाबाईनं पानावर दोन घेतल्या. दोन्ही माझ्या हातात दिल्या.

"तू?"

"मला गोड नगं. दात ठणकतोय. तू खा, मी बघते." मग मी पहिला तुकडा मोडला तशी ती माझ्या अगदी जवळ आली. "कसं लागतंय? सांग."

"चांगलं लागतंय."

"चांगलं तर दिसतंयच. लागतंय कसं?"

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी चघळत चघळत विचार केला. म्हटलं, "वरून कुरकुरीत हाय. चावलं की आतला पाक पळतो. दातांना सापडत नाय. गरम हाय, आन् उडदाचा वास हाय, आपल्या वड्याचा असतो तसा."

"अजून?"

"गोड लई नाय. थांबून गोड हाय."

"थांबून गोड," ती हळूच म्हणाली. जसं सरांनी सांगितलेलं लक्षात ठेवावं तसं. मी दुसरी इमरतीही खाल्ली. हाताला पाक लागला तो चाटला. मला एवढं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्या कौतुकात तिनं काय खाल्लं हे मी पाहिलंच नाही.

*

आमच्या कामात एक रीत आहे. ती आम्हाला आमच्या आधीच्या म्हाताऱ्या स्वयंपाकीणबाईनं लावली. पोरं जेवून, ताटल्या धुऊन गेली की पातेल्यात जे उरेल ते आम्ही दोघींनी घ्यायचं, आणि भिंतीकडे तोंड करून, पाठीला पाठ लावून जेवायचं. कधी उरतं, कधी नुसती खरवड उरते. कुणाला किती आलं, कुणी किती हावरेपणानं खाल्लं, हे दुसरीनं बघू नये म्हणून. बाई जेवत असताना तिच्या ताटाकडे बघायचं नाही. अकरा वर्षं आम्ही असंच जेवलो. गयाबाईची पाठ मला तिच्या तोंडापेक्षा जास्त ठाऊक होती. पाठीला पाठ लागलेली असली की थंडीत ऊब यायची.

आणि आमची नजर सगळी पोरांवर. व्हरांड्यात चार ओळी बसल्या की मी दारातूनच सांगायचे, तिसऱ्या ओळीतली भिल्लांची पोरगी आज खात नाही, नुसतं कालवतेय. ताप असायचा, नाही तर घरी मार बसलेला असायचा. गयाबाई म्हणायची, "तुला पोरांच्या घशात दिसतंय." सर सुद्धा म्हणायचे. त्याचा मला अभिमान होता. अभिमान वाटावं असं माझ्याजवळ दुसरं फार काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मला नान-खलिया खायला घेऊन गेली. भाषणात शेजारी बसलेल्या शहरातल्या एका बाईनं तिला सांगितलं होतं, इथं आलीस आणि नान-खलिया खाल्ला नाहीस तर काय आलीस? गुलमंडीच्या पुढं, शहागंजाच्या अंगाला एक जुनं हॉटेल. दारातच तांब्याचा मोठा हंडा कोळशावर, आणि त्याच्यामागं मेंदी लावलेल्या दाढीचे एक चाचा.

"आव अम्मा, आव. फॅमिली अंदर है. क्या होना?"

"अम्मा कुणाला म्हनतो रे, तुझ्याच वयाची हाय मी! मटण बकरेकाच है ना?"

"खालिस बकरे का है, आपा. खाके बोलो."

"आता कसा आपावर आला," गयाबाई मला म्हणाली, आणि चाचाही हसले.

आत पडदा होता, पडद्यामागं भिंतीला लागून एक लांब बाकडं आणि भिंतीलाच ठोकलेली फळी. म्हणजे तोंड भिंतीकडे करूनच बसायचं. आम्हाला ते अगदी घरच्यासारखं वाटलं. दोघी खांद्याला खांदा लावून बसलो. पिवळे, चकाकणारे नान आले, ताटाएवढे. लाल तर्रीचा खलिया आला, वर तेल थरथरत होतं.

मी नान मोडला. "आधी वास घे," ती म्हणाली. "मग सांग."

मी सांगत गेले. "नान म्हंजे उन्हातून काढलेली गोधडी हाय. मऊ आन् आतून गरम. रस्सा लाल दिसतो पण तिखट नाय. जिभेला आधी कायच म्हणत नाय. मग गिळला की कानामागं गरम होतं. शेवटाला खोबऱ्याचं गोड राहतं."

"कानामागं?"

"व्हय. कुणी फुंकर घातल्यावानी."

ती हसली. मग तिनंही एक तुकडा रश्शात बुडवून तोंडात घातला. मी भिंतीकडे बघत जेवत होते. ती चावत होती. मी तीन घास घेतले तरी ती तोच घास चावत होती. तिचा खांदा ताठ झाला, माझ्या खांद्याला कळलं. एक उचकीसारखा आवाज आला. मी मान थोडीशी वळवली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती पदर तोंडाला लावून घास पदरात काढून घेत होती.

मी पाहिलं. हे मला आज लिहायचं आहे. मी पाहिलं आणि मान परत भिंतीकडे केली.

तिनं पदराला गाठ मारली. थोड्या वेळानं तिचं ताट फळीवरून सरकत माझ्यासमोर आलं. "मला तिखट सोसंना. खा तू. टाकायचं नाय." ज्या रश्शाला मी नुकतंच तिखट नाही म्हटलं होतं त्याच रश्शाबद्दल ती बोलत होती. आणि मी तिच्या वाटचा नान खाल्ला. तिच्या वाटचा खलियाही खाल्ला. दोन ताटं. मला भूक होती, चव होती, शेजारी तिची ऊब होती. तेवढ्या तासाइतकं सुख मला त्याआधी आठवत नाही. म्हणून तर ते सुटत नाही.

तिसऱ्या दिवशी ठराव झाले, मोर्चा निघाला आणि दिवस मावळायच्या आत आम्ही एसटीनं परत आलो.

चैत्रात तिचा आवाज बसला. मग ती फक्त पेज घ्यायला लागली. घाटीला, शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, घशातली गाठ जुनी आहे, खूप आधी यायला हवं होतं. खूप आधी म्हणजे कधी, हे मी मनीषाच्या मागं उभी राहून ऐकत होते. शाळा उघडायच्या आत गयाबाई गेली.

*

मनीषा कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात एक दिवस भिंतीला टेकून कांदा चिरत बोलत होती. तिची आई अधिवेशनाहून आली तेव्हा किती खुशीत होती, आठ दिवस काय काय सांगत होती. "मावशी, आईला कसं बोलता यायचं बघा. इमरती थांबून गोड हाय म्हनायची. मी म्हनलं, थांबून गोड म्हंजे? तर म्हनली, तुला नाय कळायचं, खाल्ल्याबिगर नाय कळायचं. आन् नान म्हंजे उन्हातून काढलेली गोधडी. आन् तो रस्सा गिळला की कानामागं गरम होतं, कुणी फुंकर घातल्यावानी."

माझ्या हातातलं उलथनं पातेल्यात पडलं. ते शब्द माझे होते. मेलेल्या बाईनं ते माझ्या तोंडातून घेऊन लेकीच्या तोंडात ठेवले होते, एकही न सांडता. तेव्हा मला समजलं, ती मला का विचारत होती. तिला घरी जाऊन सांगायला काहीतरी हवं होतं. लेकीनं विचारलं असतं, काय खाल्लंस गं आई? आणि तिच्याजवळ उत्तर हवं होतं.

"मावशी, काय झालं?"

"हात भाजला," मी म्हटलं.

तेव्हापासून मी हे मनात धरून होते. मनीषाचा आवाज आईसारखा नाही, पण ती माझी वाक्यं म्हणते तेव्हा मला गयाबाई ऐकू येते. थंडीच्या दिवसांत जास्त. मी भिंतीकडे तोंड करून जेवायला बसते आणि माझ्या पाठीला मनीषाची पाठ लागते, तेव्हा मला वळून बघायची भीती वाटते. कुणाची पाठ आहे, हे पाठीला कळत नाही.

*

यंदा मनीषा शहरात फोन हातात धरूनच चालत होती. "मावशी, ह्याला चार तारे हायेत. ह्याला साडेतीन. तुमच्या वक्ताला असं काय नव्हतं, आईनं नाकानंच शोधलं आसंल." मी म्हटलं, "नाकानंच." तिनं मला हात धरून क्रांती चौक ओलांडून दिला. बारक्या मुलीला धरावं तसा. गुलमंडीत तिनं इमरती घेतली, खाल्ली, डोळे मिटले आणि थांबली. मग म्हणाली, "खरंच की. थांबून गोड." रस्त्यात उभी राहून रडली थोडीशी. मला तेव्हाच सांगायचं होतं. इमरतीच्या पाकानं माझे हात चिकट झाले होते आणि मी नुसती ते पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी शहागंजाकडचं ते हॉटेल सापडलं. चाचा नव्हते, हंडा तोच होता. पडदा बदलला होता. "आई कुठं बसली होती? तिथंच बसते मी." बाकडं तेच. पण फळीच्या वर भिंतीत आता हातभर उंचीचा आरसा लावला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आम्ही बसलो आणि समोर आम्हीच. मला नजर ठेवायला जागा उरली नाही. नान आले, खलिया आला. मनीषा जेवायला लागली आणि मी तिला आरशात बघत राहिले. तिचा जबडा आईचाच आहे. ती घास चावायची, गिळायची, घसा वरखाली व्हायचा, आणि पुढचा घास. प्रत्येक घासाला मी श्वास धरत होते. खाली उतरला. हाही उतरला.

"मावशी, कानामागं गरम व्हायलंय," ती आरशातल्या मला म्हणाली. तिचं तोंड एवढं उजळलं होतं! "आईनं किती नान खाल्ले होते? दोन ना? मला दोन म्हनली होती."

मी म्हटलं, "दोन मी खाल्ले."

"आन् आईनं?"

"नाय खाल्ला. तिला गिळवत नव्हतं. एक घास घेतला, तो बी पदरात काढला. तिचं ताट म्या खाल्लं. आन् ते समदं, गोधडी, फुंकर, ते म्या बोलले होते, मनीषा. ती इचारत होती, म्हनून."

पडद्याबाहेर कुणीतरी नानांची चवड आपटून ठेवली.

"तुम्हाला दिसलं होतं?"

"व्हय."

"घास काढताना?"

"व्हय."

"मग म्हनल्या कामून नाय?"

माझ्याजवळ एकच उत्तर होतं, आणि ते किती फाटकं आहे हे तोंडातून निघतानाच मला कळलं. "जेवत्या बाईच्या ताटाकडं बघायचं नसतं, म्हनून."

"ताटाकडं नाय बघायचं, मावशी," मनीषा म्हणाली. "आईकडं तर बघायचं होतं."

आरशात मी माझ्याकडेच बघत होते. तिनं ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. तिनं नान खाली ठेवला, हात पुसले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मंग तीन दिवस तिनं खाल्लं तरी काय?"

तेव्हा मला ते आठवलं. म्हणजे विसरले कधीच नव्हते, पण ते सांगण्यासारखं आहे असं मला वाटलं नव्हतं. मोर्चा मोडला तेव्हा दुपार होती. घोषणा देऊन सगळ्यांचे घसे बसले होते. पैठण गेटाजवळ एका गाड्यावर मडक्यातली कुल्फी होती, आणि पौषातल्या थंडीत गाड्यापुढं काळं कुत्रं नव्हतं. गयाबाई थेट गाड्याकडे गेली. कढई बघितली नाही, फडकं बघितलं नाही. मी म्हटलं, "बया, थंडीत कुल्फी?" तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. काडी हातात धरून ती उन्हात उभी राहिली आणि चोखत राहिली, हळूहळू, डोळे अर्धे मिटून. बर्फ विरघळून आपोआप खाली जात होता. मनगटावर ओघळलं ते तिनं चाटलं. सगळी संपवली. काडीसुद्धा चोखली. त्या वेळी तिनं मला विचारलं नाही, कसं लागतंय. आणि घरी गेल्यावर लेकीला तिनं इमरती सांगितली, नान सांगितला, खलिया सांगितला. कुल्फी सांगितली नाही. ती तिची स्वतःची होती.

एवढं सगळं मी मनीषाला आरशात बघत सांगितलं. ती उठली. पैसे देऊन बाहेर आली, मी मागं. "कुठं?" म्हणाली. पैठण गेटापर्यंत आम्ही चालत गेलो. मी हातानं जागा दाखवली. तिथं आता मोबाईलची कव्हरं विकणारा बसला होता. मनीषा त्या जागी जाऊन उभी राहिली. कव्हरवाला म्हणाला, "ताई, कंचा फोन हाय?" ती तशीच उभी. लोक तिला धक्के देऊन जात होते.

एसटीत ती माझ्या शेजारी बसली, मधे पिशवी ठेवून. गावाचा फाटा आला तेव्हा म्हणाली, "तुम्ही सांगायचं नव्हतं मावशी. मला ती खाताना दिसायची." आणि उतरून पुढं चालायला लागली.

*

मग आठ-दहा दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मीठ द्या, पाणी झालं, पोरं आली. तुराट्यांचा धूर आमच्यामधे असायचा ते बरंच होतं.

एके दिवशी ती तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ते कुल्फीचं परत सांगा."

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं आणि या खेपेला, का ते ठाऊक नाही, पण म्हटलं की कुल्फीवाल्यानं वरून पिस्ते जास्त घातले होते. तिसऱ्या दिवशी गयाबाई हसली होती असं सांगितलं. ती मोठ्यानं हसली, कुल्फीवालाही हसला. मनीषा ऐकताना हात थांबवते आणि तिच्या तोंडावर ते हॉटेलातलं उजळलेपण थोडं थोडं परत येतं. मला दिसतं ते. आता मी बघते.

काल मी म्हटलं, "आन् मग तिनं दुसरी बी घेतली."

"दुसरी बी?"

"व्हय. दुसरी बी समदी खाल्ली."

"मग बरं," मनीषा म्हणाली आणि तांदळातला खडा बाजूला टाकला.

इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. दुसरी नव्हती. ती काडी चोखत उन्हात उभी होती, गाडा समोर होता, एसटीला वेळ होता. अजून एक घेतेस का, एवढंसुद्धा मी तिला विचारलं नव्हतं.